नव्वदची रेषा

धाकट्यानं कंटेनर आधी खाली ठेवला आणि मग तो मेला.

गोदीतला जो तो हे कौतुकानं सांगत होता. चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच्या क्रेनला वीस टनांचा कंटेनर लोंबकळत होता आणि खाली सहा माणसं उभी होती. त्यानं तो अलगद जहाजावर टेकवला, पकड सोडवली, ब्रेक लावला आणि मग समोरच्या काचेवर डोकं टेकलं. शेजारच्या क्रेनवरच्या हत्तीनं ते पाहिलं. हत्ती म्हणजे एकशे अठरा किलोचा माणूस. तो आपली शिडी उतरून, धावत जाऊन, धाकट्याची शिडी चढून वर पोचला, तोवर सगळं संपलं होतं. धाकट्याचं वय एकोणचाळीस.

थोरल्याला मात्र हे कौतुक ऐकवत नव्हतं. तोही त्याच गोदीत, क्रेनवरच, बावीस वर्षं. हातपाय काड्यांसारखे, पण बोलण्यात कुणाला हार जायचा नाही, म्हणून सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. पुढं पुढं नुसता पैलवान राहिला. "काय बहाद्दर होता रे तुझा भाऊ," असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "बहाद्दर होता ते कबूल. पण अकरा दिवसांपूर्वी आपल्याच दवाखान्यानं त्याला ठणठणीत ठरवलं होतं, त्याचं काय?"

माणसं खांद्यावर हात ठेवून पुढं सरकत.

दवाखान्याचा तो तंदुरुस्तीचा कागद भावजयीनं जपून ठेवला होता. ती एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. काचेच्या नळीवरची रेघ चुकीच्या जागी असली तर मुलं कितीही नीट वागली तरी प्रयोग चुकतो, हे ती रोज बघत होती. तीन आठवडे ती घरात कुणाशी फारसं बोलली नाही. मग एका सकाळी तिनं पैलवानला सांगितलं, "भाऊजी, मला गोदीच्या दवाखान्यात यायचंय. कागदावर सही करणाऱ्याला भेटायचंय."

"तो निवृत्त झाला. नवीन बाई आल्यात."

"मग त्यांना भेटते."

दवाखाना म्हणजे गोदामाच्या टोकाला दोन खोल्या आणि एक लांब बोळ. भिंतीवर उंची-वजनाचा तक्ता, खाली पुरुषांच्या पोटाचा घेर: एकशे दोन सेंटिमीटरच्या आत हिरवा, पुढं लाल. नव्या डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी धाकट्याचा कागद वाचला. वजन चौसष्ट, उंची साडेपाच फूट, घेर पंचाण्णव. सगळं हिरव्यात. शेरा: तंदुरुस्त.

"कागद खोटा नाही," त्या म्हणाल्या.

"माणूस मेलाय," भावजय म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवला. "तुमच्या घरचे लोक या देशात कधी आले?"

"आमचे पणजोबा समुद्रापलीकडून बोटीनं मजुरीला आले," पैलवान म्हणाला. "गोदीतली निम्मी माणसं त्याच बोटींतून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. का?"

"कारण हा तक्ता तुम्हाला मोजून केलेलाच नाही. दुसऱ्याच लोकांना मोजून केलाय, आणि लावला सगळ्यांना." त्या उठून तक्त्यापाशी गेल्या. "तुमच्या लोकांत चरबी हातापायांवर दिसत नाही. ती आत जाऊन बसते, यकृतापाशी, आतड्यांभोवती, आणि तीही कमी वजनातच. त्यानं साखर लवकर वाढते, हृदयाच्या नळ्या लवकर अरुंद होतात. सगळ्यांच्या नाही, पण पुष्कळांच्या. तुमच्या पुरुषांसाठी ही लाल रेषा एकशे दोनवर नको, नव्वदवर हवी. पंचाण्णव दिसलं, तेव्हाच धाकट्यांचं रक्त तपासायला हवं होतं."

"असं आमच्यातच का?" पैलवाननं विचारलं.

"थोडं रक्तातलं, थोडं बसून काम, थोड्या रात्रीच्या पाळ्या. पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही."

भावजय एवढंच म्हणाली, "मग रेषा हलवा."

डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी गोदीच्या साहेबांना पत्र लिहिलं.

दहा दिवसांनी रेषा हलली. पण कशी? फाटकाजवळच्या फलकावर नोटीस लागली. बोटीनं आलेल्या घराण्यांतल्या ज्या क्रेनचालकांचा घेर नव्वदच्या वर आहे, त्यांना पुढील सूचना मिळेपर्यंत क्रेनवरून उतरवण्यात येत आहे. एकोणीस नावं होती. कुणाला साखळ्या ओढायला लावलं, कुणाला फाटकावर, कुणाला गोदाम झाडायला. पैलवानचा घेर त्र्याण्णव. त्याला झाडू मिळाला.

तपासणीचं एक अक्षर नोटिशीत नव्हतं. आणि हत्ती, ज्याच्या कागदावर बारा वर्षं नुसतं 'वजन कमी करा' लिहून येत होतं, तो रोज वर जातच राहिला, कारण तो इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," हत्तीच म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत तो पैलवानशेजारी बाकावर बसला, तसं बाकानं कण्हून घेतलं. "लेका, माझं एकट्याचं पोट तुम्हा दोघांएवढं आहे. मला कुणी विचारत नाही."

"तू चोर आहेस हे सिद्ध झालेलं नाही," पैलवान म्हणाला. "आणि आम्हीही नाही."

पण एकोणीस जणांचा राग साहेबाकडे वळायच्या आधी भलतीकडेच वळला. नोटिशीआधी घेर मोजले, त्या वेळी पोट आत ओढून एक जण इतका वेळ उभा राहिला होता, की नर्सला वाटलं हाच आता कोसळतोय. दुसऱ्यानं कंबरेला कापड आवळून बांधलं होतं. आता ते सगळे भावजयीला नावं ठेवू लागले. बाजारात एका क्रेनचालकाच्या बायकोनं तिला गाठून सुनावलं, "तुझा गेला तो गेला. आमच्यांच्या पोटावर कशाला पाय दिलास?"

पैलवानही त्या संध्याकाळी तिच्यावर चिडला. "कशाला गेलीस तिथं? बावीस वर्षं वर होतो मी. आज पोरंसोरं मला झाडू मारताना बघून हसतात."

भावजय वह्यांना कव्हरं घालत होती. तिनं मान वर केली. "तुम्हाला खाली उतरवलं भाऊजी. त्यांना उतरवलं असतं तर आज ते इथं बसले असते."

पैलवाननं पुढची वही उचलून तिच्यापुढं सरकवली.

"पण न तपासता वर चढवणं चूक, तसं न तपासता उतरवणंही चूकच," ती म्हणाली. "मी रेषा हलवा म्हटलं होतं. माणसं हाकला नव्हतं म्हटलं. हे साहेबांना जाऊन सांगायचं सोडून तुम्ही माझ्यावर काय ओरडता?"

स्वयंपाकघरातून पैलवानची बायको म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. आणि ओरडू नका, शेजारी ऐकताहेत."

दुसऱ्या दिवशी पैलवान आधी डॉक्टरबाईंकडेच गेला. त्या त्याच्याहून जास्त संतापलेल्या दिसल्या. "मी लिहिलं होतं की नव्वदच्या वरच्यांना लवकर तपासा. यांनी माझ्या पत्रातली रेषा घेतली आणि तपासणी खोडली. तपासणी महाग पडते, झाडू स्वस्त पडतो. मला यंत्रं द्या, मी आठवडाभरात सगळ्यांना तपासते."

"यंत्रं मिळाली तर तपासाल? सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"झालं तर मग," पैलवान म्हणाला.

सोमवारी सकाळी सहाच्या पाळीला एकोणीसच्या एकोणीस जण दवाखान्याच्या बोळात येऊन बसले. झाडू, साखळ्या, फाटक, सगळं जागच्या जागी सोडून. हातात कागद नाही, घोषणा नाही. नर्सनं काय हवंय विचारलं, तर पैलवान म्हणाला, "यादीत नाव घातलंत ना आमचं? आता तपासा. रक्त काढा, चालत्या पट्ट्यावर पळवा, काय करायचं ते करा. तोवर इथून हलणार नाही."

आठच्या सुमाराला बोळात अंधार झाला. दारात हत्ती उभा होता. त्याच्यामागं इथलेच आणखी दहा-बारा क्रेनचालक. "मलाही मोजा," हत्ती म्हणाला आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला. "माझ्या डोळ्यांदेखत तो गेला. मी वर पोचलो तेव्हा त्याचा हात अजून ब्रेकवर होता. मलाही जाणून घ्यायचंय, माझ्या आत काय चाललंय ते."

दुपारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कागदावरचं सगळं त्यांना खरं वाटे, इतकंच. ते म्हणाले, "अहो, आम्ही तुमच्याच जिवाला जपतोय."

"जिवाला जपणारा औषध देतो, साहेब. तुम्ही झाडू दिलात."

"धोका तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे, असं डॉक्टरच म्हणतात. त्याला मी काय करू?"

"रक्तात आहे म्हणता, तर रक्त बघा ना," पैलवान म्हणाला. "टेपनं कधी रक्त मोजतात का?"

बोळात हशा पिकला. साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत उठायला सांगितलं, नाहीतर कारवाई. कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या क्रेन उभ्या राहिल्या आणि गोदीबाहेर तीन जहाजं नांगर टाकून बसली. मालवाले वरच्यांना फोन करू लागले, वरचे साहेबांना. मंगळवारी दुपारी साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तपासणी होईल," ते म्हणाले. "क्रेनवरच्या सगळ्यांची. इथल्यांची, बोटीवाल्यांची, सगळ्यांची. आता उठा."

"तारीख?"

"परवापासून."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं.

पंचावन्न क्रेनचालकांची तपासणी बारा दिवस चालली. गोदामात एक पट्टा आणून बसवला, छातीला तारा लावून माणसाला त्यावर चालवायचं, मग पळवायचं आणि आलेख बघायचा. हत्ती पळायला लागला तेव्हा पट्टा तुटेल म्हणून बघे जमले. पट्टा टिकला आणि हत्तीही टिकला. साखर चांगली, चरबी चांगली, आलेख निर्दोष. "गुडघे तेवढे वाईट आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हृदय उत्तम आहे. वजन उतरवा, नाहीतर तेही ऐकायचं नाही."

हत्तीला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. तो पैलवानकडे बघेना.

पैलवानला पाचव्याच मिनिटाला थांबवलं.

त्याला काही दुखलं नव्हतं. दम लागला होता, पण दम कुणाला लागत नाही? डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि आलेखाची पट्टी समोर धरली. "ही रेघ इथं खाली जायला नको होती. साखरही वाढलेली आहे. गुरुवारी मोठ्या इस्पितळात आत नळी घालून बघायला हवं. तोवर शिडी नाही, जिना नाही, भांडण नाही."

"तपासणीच्या निकालांवर बुधवारी साहेबांबरोबर बैठक आहे."

"मी भांडण नाही म्हटलं."

"बैठक आहे, भांडण नाही," पैलवान म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. आपल्या छातीत धाकट्याच्या छातीसारखंच काहीतरी बसलंय आणि आपण बावीस वर्षं ते घेऊन वर चढत होतो, हे त्याला आत कुठंतरी लागलं. भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

बातमी एकोणीस जणांत फुटली. त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो बुधवारी सकाळी पैलवानच्या घरी आला. "तुझा कागद बैठकीत काढू नकोस. पुढं चालणाराच नापास म्हटल्यावर साहेब म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो? तब्येत बरी नाही म्हणून घरी बस. मी बोलतो."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, मास्तर? धाकट्याचं झाकलेलंच होतं. तंदुरुस्तीच्या कागदाखाली."

"सगळ्यांचं नुकसान होईल."

"झालं तर माझ्या खोटं बोलण्यानं होईल. खरं बोलण्यानं नाही."

बैठकीत एका बाजूला साहेब आणि दोन कारकून, दुसऱ्या बाजूला पैलवान, मास्तर, हत्ती आणि मधे डॉक्टरबाई. पैलवाननं बसल्या बसल्या आपला आलेख टेबलावर ठेवला.

"एकोणीस माणसं तुम्ही उतरवलीत. त्यांतली अकरा धडधाकट निघाली. आठांना औषध लागेल. आठांतल्या पाच जणांनी औषध घेऊन वर जायला हरकत नाही. तिघांनी सध्या वर जाऊ नये. त्या तिघांतला एक मी. हा माझा कागद."

साहेबांनी कागद उचलला. त्यांचा चेहरा जरा सैल पडला. "म्हणजे आमचं म्हणणं खरंच निघालं की."

"नाही निघालं. तुम्ही एकोणीस म्हणाला होतात. निघाले तीन. आणि आमच्यातला एक पोरगेला माणूस, घेर अठ्ठ्याऐंशी, तुमच्या रेषेच्या आत म्हणून तुम्ही खुशाल वर ठेवला होता. तो चौथा निघाला. इथल्या दोघा सडपातळ लोकांची नळी बघायला लागणार आहे, त्यांचं नाव तर तुमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. आणि हा हत्ती बघा, घोड्यासारखा पळाला."

"हत्तीसारखाच पळालो," हत्ती म्हणाला.

"मग रेषेला काही अर्थच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" साहेब वैतागले.

आता डॉक्टरबाई बोलल्या. "अर्थ आहे. धोका यांच्यात लवकर सुरू होतो, हे खरंच आहे, आणि ते लपवलं तर आणखी माणसं मरतील. पण कुणाला लवकर तपासायला बोलवायचं, एवढंच ती रेषा सांगते. कोण काम करू शकेल, ते त्या माणसाची तपासणी सांगते."

पैलवान पुढं वाकला. "मी नापास झालो, साहेब. माझे लोक नाही. माझ्या नावानं मला खाली ठेवा, मी चकार शब्द काढणार नाही. पण माझ्या पणजोबाच्या बोटीच्या नावानं कुणाला खाली ठेवाल, तर आम्ही पुन्हा बोळात येऊन बसू. या खेपेला बिछाने घेऊन."

साहेबांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. दोन तास घासाघीस झाली. शेवटी लिहिलं गेलं ते असं: बोटीवाल्यांनी नव्वदची आणि बाकीच्यांनी त्यांची रेषा ओलांडली की लगेच, आणि सगळ्यांनाच दरवर्षी एकदा तपासणीला बोलवायचं. न तपासता कुणालाही उतरवायचं नाही. औषधपाणी गोदीकडे. जो उतरेल त्याचा हुद्दा फेरतपासणीपर्यंत तसाच. आणि डॉक्टरबाईंनी शेवटच्या क्षणी घुसवलेलं एक कलम: वर बसणाऱ्यानं दर दोन तासांनी खाली उतरून वीस मिनिटं चालायचं.

गुरुवारी इस्पितळात पैलवानची एक नळी ऐंशी टक्के बंद निघाली. तिथल्या तिथं जाळीची नळकांडी बसवून ती उघडली. त्याला बेशुद्ध केलंच नव्हतं. तो सगळा वेळ पडद्यावर आपलं हृदय हलताना बघत होता. बाहेर आल्यावर भावजय उभी होती. तिनं त्याच्या पायांवरची चादर नीट केली आणि पहिल्यांदाच, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, हुंदका देऊन रडली. पैलवाननं तिला रडू दिलं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. बायकोनं तेलाची बाटली कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला लावली. त्याला घाण्याला जुंपलेला बैल म्हणत हत्ती रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर पाच किलोमीटर चालायला यायचा, आणि परत येईपर्यंत स्वतःच बैलासारखा धापा टाकायचा. सहा महिन्यांनी फेरतपासणी झाली. आलेख चांगला आला, पण साखर नापास. पैलवाननं घरी येऊन बशी आपटली. साहेबांनी बोलावून सांगितलं, "नियंत्रण कक्षात जागा आहे. गार हवा, खुर्ची, शिडीचं नाव नाही. घ्या."

"खुर्चीनंच ही वेळ आणली, साहेब," पैलवान म्हणाला. "पुढच्या तपासणीची तारीख द्या."

त्याच सहा महिन्यांत त्याच्या पाळीतल्या दोघांनी गोळ्या मधेच सोडल्या. पैलवान त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला, शिव्या घातल्या आणि गोळ्या गिळेपर्यंत हलला नाही. कुणी म्हणे, "आमच्या नशिबातच आहे ते." मग तर त्याचा पारा चढे. "नशिबात काय असेल ते असू दे. तुझा जीव त्याला फुकट नेऊ देणार आहेस का?"

दुसऱ्या फेरतपासणीत तो पास झाला. काठावर, पण पास. घेर एकोणनव्वद.

वर जायच्या पहिल्या दिवशी शिडीला त्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. प्रत्येक टप्प्यावर थांबून त्यानं श्वास मोजला, नाडी धरली, मगच पुढची पायरी. खालची माणसं माना वर करून बघत होती. त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. केबिनमध्ये बसून पट्टा आवळला, काचा पुसल्या, यंत्र सुरू केलं. खाली जहाज उघड्या पोटानं वाट बघत होतं.

रेडिओवर नवीन नियंत्रकाचा आवाज आला. पोरगा चांगला होता, काळजीनंच बोलला. "पैलवानकाका, सावकाश हं. तुमच्या लोकांना हृदयाचा त्रास असतो असं ऐकलंय. झेपणार नसेल तर सांगा."

पैलवाननं दांडा हातात घेतला.

"माझ्या लोकांचं माझ्या लोकांना एकेकट्याला विचार," तो म्हणाला. "माझं विचारशील तर मी वर आहे. कंटेनर कुठं ठेवायचा तेवढं बोल."